काम नेमकं अडतं कुठं? बेदाणा शेडच्या निमित्तानं प्रकल्पाचं नियोजन

काम रखडलं की दोष द्यायला माणसं चटकन सापडतात. वेल्डर आला नाही, दुकानदारानं माल वेळेत पाठवला नाही, मजूर यात्रेला गेले. कारणं खरीच असतात. पण बारकाईनं पाहिलं तर वेल्डिंग चालू असताना काम क्वचितच अडतं. अडतं ते लोखंड आलं नाही म्हणून वेल्डिंग सुरूच न झालेल्या दिवसांत, नाहीतर वेल्डिंग संपूनही जाळीवाल्याला कुणी फोन केला नाही त्या आठवड्यात. कोणतं काम कशासाठी थांबणार आहे हे आधी ओळखायचं आणि मग त्या थांब्यांवर नजर ठेवायची, प्रकल्प व्यवस्थापनाचा गाभा मला विचाराल तर एवढाच. बाकीचे तक्ते, सॉफ्टवेअर आणि बैठका त्याच्या सोयीसाठी.

प्रकल्प म्हटलं की धरण, पूल, कारखाना डोळ्यांसमोर येतो. तसं काही नाही. ज्याला सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे आणि शेवटी हातात काहीतरी नवं येतं, तो प्रकल्प. द्राक्षबागेची फवारणी दरवर्षी करावीच लागते, तो प्रकल्प नव्हे. त्याच बागायतदारानं बेदाणा शेड बांधायला काढली तर तो मात्र प्रकल्प. तीच शेड उदाहरणादाखल घेऊ.

तासगाव, सावळज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात फिरलेल्या माणसाला शेड कशी असते ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. उघड्या माळावर लोखंडी खांब रोवलेले, त्यांवर जाळीचे एकावर एक आठ-दहा मजले, वर छप्पर, बाजूंना हिरवी शेडनेट. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, जाळीवर पातळ पसरतात आणि वाऱ्यावर साधारण दोन आठवडे सुकवतात. चार किलो द्राक्षांमागे एक किलोच्या आसपास बेदाणा पडतो. समजा, आजवर दुसऱ्याच्या शेडवर भाड्यानं बेदाणा टाकणाऱ्या एका बागायतदाराला यंदा स्वतःची शेड हवी आहे.

पहिला प्रश्न: शेड कधी तयार हवी? ही तारीख बागायतदार ठरवत नाही, बाग ठरवते. 15 ऑक्टोबरला फळछाटणी झाली आणि बेदाण्यासाठी माल 130 दिवसांनी उतरणार असं धरलं, तर तो दिवस 22 फेब्रुवारीला येतो. डिपिंगची टाकी भरून पाहायला, एखादा खांब हलतोय का ते बघायला आठवडा हाताशी हवा. म्हणजे शेड 15 फेब्रुवारीला उभी पाहिजे. आता इथून मागं मोजत यायचं. बहुतेक जण उलटं करतात, आज सुरुवात केली तर कधी संपेल असं पुढं मोजत जातात आणि ‘हुईल की तवर’ म्हणून मोकळे होतात. शेवटाकडून मागं आलं की सुरुवातीची तारीख आपोआप समोर येते, आणि ती वाटली होती त्यापेक्षा आधीची निघते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, पण विचारला सगळ्यांत कमी जातो. शेड म्हणजे नक्की काय? किती टन माल एका वेळी बसला पाहिजे? मजले किती? छपराला प्लास्टिक कागद की पत्रा? डिपिंगची टाकी यातच धरायची की वेगळी? हे कागदावर उतरलं नाही तर वेल्डरच्या डोक्यात एक शेड असते, मालकाच्या डोक्यात दुसरी आणि मालकाच्या वडिलांच्या डोक्यात तिसरीच. जे करायचं आहे त्याच्या शेजारी जे यंदा करायचं नाही तेही लिहावं. उदाहरणार्थ, मजुरांची खोली यंदा नाही, वजनकाट्याचा ओटा यंदा नाही. कारण काम अर्ध्यावर आलं की कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘‘आता करतोच आहेस तर खोलीपण घे की उरकून.’’ या ‘करतोच आहे तर’नं जितके हिशेब कोलमडले असतील तितके महागाईनंही कोलमडले नसतील. खोली बांधायला हरकत नाही. फक्त तिच्यामुळं किती दिवस आणि किती पैसे वाढतात ते त्याच कागदावर लिहायचं आणि मग हो म्हणायचं. तेवढं लिहिताना निम्म्या सूचना आपोआप गळतात.

आता कामाचे तुकडे पाडू. फार बारीक नको. संपलं की डोळ्यांना दिसेल आणि दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल एवढा तुकडा पुरे. जागा सपाट करून मुरूम टाकणं, 4 दिवस. अँगल आणि पाइपची ऑर्डर देऊन माल जागेवर येणं, 7 दिवस. खड्डे घेऊन खांब काँक्रीटमध्ये उभे करणं, 3 दिवस. काँक्रीटवर पाणी मारून ते पक्कं होऊ देणं, 7 दिवस. रॅकचं वेल्डिंग. जाळी मागवणं, 15 दिवस. जाळी ताणून बांधणं, 4 दिवस. छप्पर आणि शेडनेट, 3 दिवस.

वेल्डिंगपुढं आकडा मुद्दाम टाकला नाही. वेल्डरला विचारलं तर तो म्हणतो, सहा दिवसांत देतो. तो खोटं बोलत नाही. वीज गेली नाही, रॉड संपले नाहीत, मधेच दुसऱ्या कुणाचं गेट आलं नाही तर सहाच दिवस लागतात. म्हणून एक आकडा विचारू नये, तीन विचारावेत. सगळं सुरळीत झालं तर किती? एरवी अशा कामाला किती लागतात? आणि सगळंच बिनसलं तर? समजा उत्तरं 6, 9 आणि 24 अशी आली. मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन सरासरी काढायची: 6 अधिक 36 अधिक 24, भागिले 6. उत्तर 11. ही रीत 1958 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात पर्ट या वेळेचं नियोजन करायच्या पद्धतीसोबत पुढं आली. क्षेपणास्त्राला चालली म्हणजे आपल्या वेल्डरलाही चालावी. गंमत सोडा, यातला खरा फायदा तिसऱ्या प्रश्नाचा आहे. ‘सगळंच बिनसलं तर’ असं विचारलं की वेल्डर स्वतःच सांगतो, ‘‘कारखान्याच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती आली की मी आठवडाभर तिकडंच असतो.’’ जानेवारीत उसाचा हंगाम भरात असतो. ही माहिती आधी मिळाली म्हणजे अर्धं नियोजन झालं.

आता क्रम लावू. खांब उभे करायला जागाही तयार हवी आणि लोखंडही. जागेला 4 दिवस, लोखंडाला 7. म्हणजे जागेचं काम तीन दिवस उशिरा सुरू झालं तरी बिघडत नाही. लोखंडाची ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तर मात्र सगळंच एक दिवस मागं जातं. लोखंड 7, काँक्रीट 3, पक्कं होणं 7, वेल्डिंग 11, जाळी बांधणं 4. बेरीज 32 दिवस. छप्पर जाळीसोबत चढवता येतं, ते 3 दिवसांत होतं, त्यामुळं या बेरजेत येत नाही. 15 फेब्रुवारीतून 32 दिवस वजा केले की तारीख येते 14 जानेवारी. ऐन संक्रांत. त्या दिवशी तिळगूळ वाटत ‘अजून महिना आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडं प्रत्यक्षात एकही दिवस शिल्लक नसतो.

या सगळ्यांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत बसवली. साखळीतल्या कामाला सवड शून्य असते, साखळीबाहेरच्या कामाला थोडीफार असते. आपल्या शेडमध्ये जाळी बांधायला सुरुवात 28 दिवस संपल्यावर होते आणि जाळी यायला 15 दिवस लागतात. म्हणजे ऑर्डर तेराव्या दिवसापर्यंत कधीही दिली तरी चालते. तेवढ्या दिवसांत जाळीच्या चौकशीपायी रोज दुकानात खेटे घालणारा मालक आणि लोखंडाचा फोन उद्यावर टाकणारा मालक एकच असतो, हे फार वेळा दिसतं. ज्याची काळजी वाटते त्यामागं आपण धावतो. धावायला हवं असतं साखळीमागं.

साखळी कागदावर आली की ती आखूड करायची वाटही दिसते. मजूर दुप्पट करावेत, रात्रपाळी लावावी, हे सुचतंच. पण काँक्रीटवर दुप्पट माणसं उभी केली म्हणून ते साडेतीन दिवसांत पक्कं होत नाही. त्यापेक्षा त्या सात दिवसांत वेल्डर काय करतोय ते विचारा. तो रिकामा आहे! रॅकच्या चौकटी जमिनीवरच कापून जोडायचं काम सहा दिवसांचं असेल तर ते खांब पक्के होत असतानाच उरकतं. नंतर खांबांवर चढवून जोडायला पाच दिवस राहतात. 32 चे 26 झाले, जादा रुपया न घालता. मात्र एक भानगड होते: जाळी आता 22 दिवस संपताच हवी, म्हणजे तिची ऑर्डर सातव्या दिवसाच्या आत जायला हवी. एक गाठ सोडवली की दुसरी आवळते, म्हणून क्रम बदलला की सगळा कागद पुन्हा मोजायचा.

हे वाचलेले सहा दिवस खर्चून टाकू नयेत. काम 14 जानेवारीलाच किंवा त्याआधी सुरू करावं आणि सहा दिवस शेवटी राखीव ठेवावेत. राखीव दिवस प्रत्येक कामात थोडे थोडे मिसळले तर ज्याच्या त्याच्या खिशात जिरतात. शेवटी एका जागी ठेवले तर मालकाच्या हातात राहतात. पैशाचंही तसंच. अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि ती कुणाला सांगू नये, असं माझं मत आहे.

तक्ता कसा करायचा? कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर तारखा, डावीकडं कामं, आणि प्रत्येक कामापुढं सुरुवातीपासून शेवटापर्यंत आडवी पट्टी. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्यानं 1910 च्या दशकात अशा पट्ट्यांचे तक्ते रूढ केले, म्हणून गँट चार्ट. साखळीतल्या पट्ट्या लाल पेननं रंगवा. पाच-पन्नास कामांपर्यंत याहून जास्त काही लागत नाही.

क्रमाचं महत्त्व समजायला कोयनेचं उदाहरण सातारकरांना जवळचं आहे. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचं होतं, पण त्यासाठी जलाशय रिकामा करणं परवडणारं नव्हतं. मग जलाशयाच्या तळाखालून बोगदा खोदत नेला आणि पाण्याच्या जवळ खडकाचा शेवटचा जाड तुकडा तसाच ठेवला. 13 मार्च 1999 रोजी तो स्फोटानं उडवला आणि पाणी बोगद्यात शिरलं. हेच लेक टॅपिंग, नॉर्वेत रुळलेलं तंत्र. 25 एप्रिल 2012 ला ते दुसऱ्यांदा केलं. यात स्फोट हा काही क्षणांचा खेळ. पण त्याआधी दरवाजे बसलेले हवेत, उडालेला खडक पडायला खड्डा तयार हवा, आतला शेवटचा माणूस आणि शेवटचं यंत्र बाहेर आलेलं हवं. कारण पाणी शिरलं की राहिलेलं काम करायला आत जाता येत नाही. आपल्या कामातही अशा मागं न फिरणाऱ्या जागा असतात. काँक्रीट ओतणं ही त्यातली एक. ओतण्याआधी खांबांचं अंतर दोरी लावून दोनदा मोजावं. नंतर मोजून उपयोग नसतो.

पाणलोटाच्या कामात हा क्रम निसर्गच लावून देतो: माथा ते पायथा. डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर, न खोदता आधी खालचा बंधारा बांधला तर पहिल्या पावसात वरची माती येऊन बंधारा भरतो. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव 2016 च्या पहिल्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं आलं. 45 दिवसांची मुदत होती आणि पुढं पाऊस उभा होता. इथं आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक प्रकल्पाला तीन दोऱ्या असतात: वेळ, पैसा आणि कामाचा आवाका. एक घट्ट बांधली की बाकीच्या दोहोंपैकी एक तरी सैल सोडावी लागते. वेळूसारख्या कामात वेळ बांधलेली आणि पैसा तुटपुंजा, मग वाढवायचे ते हात. गावानं श्रमदान केलं. शेडच्या बाबतीत हातही वाढत नसतील तर आवाका कमी करावा. दहा मजल्यांऐवजी सहा मजले वेळेत उभे करावेत आणि उरलेले पुढच्या वर्षी. तिन्ही दोऱ्या घट्ट धरणारा मालक शेवटी दर्जात मार खातो, आणि ते मार्चमध्ये अवकाळी आला की कळतं.

मोठ्या पातळीवर हीच ओढाताण कृष्णा खोऱ्यानं सोसली. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात पाणीवाटपाचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होऊ शकेल असं होतं. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवायचं म्हणून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि एकाच वेळी कितीतरी धरणं, कालवे, उपसा योजना हाती घेतल्या गेल्या. निधी सगळ्यांत विभागला गेला आणि बरीच कामं पुढं वर्षानुवर्षं रेंगाळली. टेंभूसारख्या उपसा योजनेत पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढतं. खालचा एक टप्पा अपुरा असेल तर वरच्या सगळ्या टप्प्यांचं लोखंड-सिमेंट नुसतं उभं राहतं. आटपाडीकरांनी ती वाट पाहिली आहे. लवादाच्या तारखेचा धाक खरा होता, त्यामुळं तेव्हाच्या निर्णयाला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. तरी हाती पैसा एका कामापुरता असताना चार कामं काढली तर चारही अर्धी राहतात, हे गणित सरकारलाही चुकत नाही आणि शेतकऱ्यालाही.

जोखीम हा विषय लोक एकतर फार वाढवतात किंवा सोडूनच देतात. सांगलीत मात्र तो पुलावर रंगवलेला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 वर धोका पातळी. 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं. या आकड्यांची खुबी अशी की पाणी किती चढल्यावर हालचाल करायची हे पाणी चढायच्या आधी ठरलेलं असतं. भर पुरात ‘निघायचं का, थोडं थांबायचं’ यावर घरात वाद घालायला वेळ नसतो. आपल्या प्रकल्पालाही असे चार आकडे लावून ठेवावेत. दहाव्या दिवसापर्यंत लोखंड आलं नाही तर दुसऱ्या दुकानातून रोखीनं घ्यायचं. वेल्डर सलग दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी दुसरा बोलवायचा. त्याचा नंबर आजच घेऊन ठेवायचा. 8 फेब्रुवारीपर्यंत जाळी बांधायला सुरुवात झाली नसेल तर भाड्याची शेड पक्की करायची. पौषात मांढरदेवीची यात्रा असते, मजुरांपैकी कोण जाणार ते आधीच विचारायचं. ही काही जोखीम नव्हे, कॅलेंडरात छापलेली गोष्ट आहे.

माणसांबद्दल थोडक्यात. प्रत्येक कामापुढं एकच नाव लिहावं. ‘आम्ही भावंडं बघतो’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही. बारभाईची शेती, काय लागे हाती, हे उगाच म्हटलेलं नाही. आणि उचल देताना ती दिवसांवर न देता टप्प्यावर द्यावी. खांब ओळंब्यात उभे राहिले की एवढी, रॅक चढले की एवढी, जाळी ताणून झाली की उरलेली. सगळी उचल आधी घेतलेला माणूस तुमचं काम टाळतो असं नाही, पण ज्याचे पैसे अजून यायचे आहेत त्याच्याकडं तो आधी जातो. त्याच्या जागी आपणही तेच करू.

काम सुरू झाल्यावर रोज सकाळी पाच मिनिटं पुरतात, फक्त प्रश्न बरोबर हवा. ‘किती झालं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘नव्वद टक्के झालं.’ पुढच्या आठवड्यातही नव्वदच असतं. टक्केवारी विचारूच नये. झालेल्या कामाला एक आणि न झालेल्याला शून्य, मधलं काही नाही. मग दुसरा प्रश्न: जे झालं नाही ते कशासाठी थांबलंय? ‘लोखंड आलंय, पण ड्रिलचा बिट तुटलाय’ हे उत्तर मिळालं की तालुक्याला जाणाऱ्या पोराच्या खिशात पैसे देऊन दुपारपर्यंत बिट आणता येतो. ‘चाललंय की’ या उत्तरावर काहीच करता येत नाही.

शेड उभी राहिली तरी प्रकल्प संपत नाही. पहिला माल टाकण्याआधी एका रॅकवर मजल्यागणिक मालाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर पाहावं. जाळी किती झोळते आणि कोणता जोड कुरकुरतो ते सकाळी दिसतं. वेल्डरचं शेवटचं बिल त्यानंतरच द्यावं. मग तोच कॅलेंडरचा कागद काढून प्रत्येक अंदाजापुढं प्रत्यक्ष लागलेले दिवस आणि पैसे लिहावेत, आणि यंदा सहाच मजले उभे केले असतील तर उरलेल्या चार मजल्यांची लोखंडाची ऑर्डर पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला द्यायची ते त्याच्याखाली टिपून ठेवावं.